टोलकाकांची बेचाळीस मिनिटे

नोंदणीचा शेवटचा दिवस होता. कार्यालयातील घड्याळात चार वाजावयास दहा मिनिटे कमी असताना तत्त्वज्ञानाच्या बाई हातात एक कागद घेऊन व्हरांड्यात आल्या आणि महाविद्यालयाचे टोल वाजविणाऱ्या टोलकाकांच्या स्टुलासमोर उभ्या राहिल्या. कागदावर तीन नावे होती. चौथी ओळ कोरी होती.

"काका, तुम्हाला सही येते ना?" बाईंनी विचारले.

"येते की. सातवीपर्यंत शिकलोय."

"मग इथं करा. आणि माझे विद्यार्थी व्हा."

टोलकाकांना प्रथम ही थट्टा वाटली. परंतु बाई थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हत्या, आणि त्या दिवशी तर त्यांचा चेहरा अगदीच उतरलेला होता.

गावाबाहेर टेकडीवर वसलेले ते महाविद्यालय लहान होते. विद्यार्थी सारे मिळून दोनशे अकरा. इतरत्र विद्यार्थी विषयाच्या मागे धावतो. येथे विषय विद्यार्थ्याच्या मागे धावत असे. ज्याला हवा त्याने आपला विषय स्वतः रचावा, आपला निबंध प्राध्यापकांसमोर बसून मोठ्याने वाचावा, कवितेच्या विद्यार्थ्याने रसायनशाळेत हात पोळून घ्यावेत आणि रसायनवाल्याने चित्रशाळेत रंग सांडावेत, अशी तेथील मोकळी रीत होती. मात्र एक अट होती. विषय कोणताही असो, त्याला निदान चार विद्यार्थी पाहिजेत. तीनच भरले तर तो विषय कायमचा बंद. बाईंचा विषय होता 'काळ'. वेळ म्हणजे काय, ती येते कोठून आणि जाते कोठे, याचा विचार त्या एकोणीस वर्षे शिकवीत आल्या होत्या, आणि या वर्षी त्या विचाराला तीनच गिऱ्हाइके मिळाली होती.

म्हणून त्यांनी नियमांचे पुस्तक चाळून सतरावा नियम शोधून काढला होता. महाविद्यालयातील कोणत्याही कर्मचाऱ्यास वर्षाला एक विषय शिकता येईल व त्यास पूर्ण विद्यार्थी समजण्यात येईल, असा तो नियम होता. आजवर तो कोणीच वापरला नसल्यामुळे कोरा करकरीत राहिला होता. एका सहीने कोणाचे भले होत असेल तर आपल्या बापाचे काय जाते, असा विचार करून टोलकाकांनी सही ठोकली.

कागद हेडक्लार्कसाहेबांकडे गेला. त्यांना सारे महाविद्यालय नियमराव म्हणत असे. त्यांचे खरे नाव त्यांच्या पत्नीखेरीज कोणास आठवत नसावे. नियमरावांनी कागद तीनदा वाचला, शिक्का मारला आणि टोलकाकांना आत बोलावले.

"काका, पटावर नाव म्हणजे वर्गात माणूस. शंभरातले पंचाहत्तर तास हजर नसलात तर मी नाव कापीन. तीन उरले की विषय बंद."

"आणि टोल, साहेब?"

"टोल तुमचा. तो तुम्ही सांभाळा. त्यात एका मिनिटाची चूक झाली, तर दोन कामं एका माणसाला झेपत नाहीत असं लिहीन, आणि तरीही नाव कापीन."

धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी टोलकाकांची स्थिती झाली. परंतु ते विशेष घाबरले नाहीत, कारण सव्वीस वर्षांत त्यांचा टोल एकदाही चुकला नव्हता. सकाळी सातला रेडिओवर वेळ सांगत, त्या क्षणी ते मनगटावरील घड्याळ जुळवून घेत. आणि मग दिवसभर व्हरांड्यातील काशाच्या थाळीवर लाकडी मोगरीचे ठोके पडत. मोबाईल फोन माणसांच्या खिशात यावयाचे होते, त्या काळची ही गोष्ट. महाविद्यालयातील भिंतीवरची घड्याळे जुनी होती आणि प्रत्येकाचे मत निराळे होते. तेव्हा टोल झाला की ज्याने त्याने आपले घड्याळ टोलावर लावावे, ही तेथील रीत. नियमराव तर प्रत्येक टोलानंतर स्टुलावर चढून कार्यालयातले घड्याळ तपासत. "घड्याळ चुकेल, काका चुकायचे नाहीत," ही त्यांचीच म्हण होती. प्राध्यापक व विद्यार्थी सारे टेकडीवरच राहत, त्यामुळे सर्वांचा संसार त्या एका थाळीवर चालला होता.

बाईंचा तास सोमवारी व गुरुवारी, तिसरा, म्हणजे दहा ते अकरा. वर्ग इमारतीच्या पार टोकाला. टोलकाकांनी अकराला पाच कमी असताना उठून जावे, असे ठरले.

पहिल्या सोमवारी ते मागच्या बाकावर अंग चोरून बसले. वर्गात एक चष्मेवाली मुलगी होती, जिचे डोळे सदैव पुस्तकात असत. एक मुलगा होता, जो प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करी, म्हणून त्याला पणकर म्हणत. तिसरा मुलगा बोलतच नसे. त्याला काही म्हणण्याची वेळच कोणावर आली नव्हती. बाईंनी खडू उचलण्यापूर्वीच विचारले की, वेळ कोणी पाहिली आहे का.

कोणी बोलेना, तेव्हा टोलकाकांना राहवले नाही. "मी रोज बघतो, बाई."

मुले हसली. बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही घड्याळ बघता, काका. काटा फिरतो तो बघता. तो फिरला नसता तर वेळ गेली नसती का?"

टोलकाका विचारात पडले. आता विचार ही वस्तू अशी आहे की, ज्याला तिची सवय नाही त्याच्या अंगावर ती एकदम येते. सव्वीस वर्षे हा मनुष्य वेळ वाटीत होता आणि आपण काय वाटतो हे त्याला कोणी विचारले नव्हते. घड्याळ बंद पडले म्हणून म्हातारपण थांबते का? मग आपण थाळीवर ठोके देतो ते कशाचे? पणकर म्हणाला, पण माणूसच नसेल तर वेळ कोण मोजणार. चष्मेवाली म्हणाली, झाड मोजते. आणि टोलकाकांनी सहज मनगटाकडे पाहिले तो अकरा वाजून आठ मिनिटे झाली होती.

ते धावले. टेकडीवरच्या माणसांनी टोलकाकांना धावताना प्रथमच पाहिले. मोगरी पडली तेव्हा अकरा वाजून अकरा मिनिटे झाली होती. आता नियमराव बाहेर येतील आणि नाव कापतील, या भयाने ते थाळीपाशीच उभे राहिले. उघड्या दारातून त्यांना दिसले ते असे, की नियमराव स्टुलावर चढले आहेत, घड्याळाला उद्देशून काही पुटपुटत आहेत, आणि त्याचा काटा अकरा मिनिटे मागे ओढीत आहेत.

त्याच क्षणी खरे सांगितले असते तर ही गोष्ट येथेच संपली असती. टोलकाकांनी तोंड उघडलेही होते. परंतु सांगितले की नाव गेले, नाव गेले की वर्ग गेला, आणि बाईंची एकोणीस वर्षे अकरा मिनिटांत बुडाली. पुढचा टोल खऱ्या बाराला देऊन सारे गुपचूप सरळ करावे, तर चौथा तास गणिताच्या मॅडमचा. त्यांच्या तासाचे एक मिनिट कमी झाले तर त्या घरफोडी झाल्यासारख्या कार्यालयात येत. उद्या सकाळी बघू, असे म्हणून त्यांनी त्या तासाला पुरी साठ मिनिटे दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओच्या वेळेने बरोबर आठला त्यांनी मोगरी उचलली, तो आतून नियमरावांचा आवाज आला. "काका, घाई कसली? अजून अकरा मिनिटं आहेत."

टोलकाकांनी मोगरी खाली ठेवली.

त्यानंतर त्यांनी पुष्कळ सावधगिरी बाळगली. गुरुवारी तर ते घड्याळ मुठीत धरून बसले आणि वेळेवर उठलेही. परंतु पुढच्या सोमवारी बाईंनी भूतकाळ कोठे साठतो हे विचारले, आणि नऊ मिनिटे गेली. मग एकदा चौदा गेली. मग आठ. प्रत्येक वेळी टोलापाठोपाठ साऱ्या टेकडीवरचे काटे मागे सरत, आणि नियमराव घड्याळ जुने झाले म्हणून हळहळत. महिनाभरात टेकडी गावाच्या बेचाळीस मिनिटे मागे पडली, आणि हे जगात एकाच मनुष्याला ठाऊक होते. त्याच्या मनगटावर खरी वेळ होती व डोक्यात महाविद्यालयाची. दोन्हींमधले अंतर तो काड्यापेटीवर पेन्सिलीने लिहून ठेवी.

इतर लोक आपापल्या परीने मार्ग काढीत होते. प्राचार्यांचे मनगटी घड्याळ पुढे धावते असे त्यांना आढळले. त्यांनी ते गावातील घड्याळजीकडे तीनदा धाडले. तिसऱ्या खेपेस घड्याळजीने चिठ्ठी दिली की, घड्याळ उत्तम आहे, आपण ते ठेवता कोठे ते पाहावे. तेव्हापासून प्राचार्य ते लोखंडी कपाटापासून दूर ठेवू लागले. इतिहासाचे सर म्हणू लागले की, हल्ली रेडिओवाले बातम्या लवकर उरकतात, त्यांनाही घरी जाण्याची घाई झाली आहे. पाववाला भल्या पहाटे येतो म्हणून आचारी त्याच्यावर खेकसू लागला. शनिवारी गावात जाणारी सव्वापाचची बस आधीच निघून जाऊ लागली, तेव्हा प्राचार्यांनी आगाराला कडक पत्र लिहिले. आगाराने नम्र उत्तर दिले की, गाडी वेळेवर सुटते. परंतु त्यामागून येणारी सहाची गाडी लोकांना मिळू लागली, आणि त्या वेळी टेकडीवर पाच अठरा झालेले असत. तेव्हा हीच सव्वापाचची गाडी होय, पत्राचा परिणाम झाला आहे आणि आता ती केवळ तीन मिनिटे उशिरा येते, असे मानून सारे संतुष्ट झाले.

संतुष्ट नव्हती ती टोलकाकांची पत्नी. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत ती रेडिओ ऐकत स्वयंपाक करी आणि नवरा जेवायला येण्याची वाट पाहून थके.

"अहो, तुम्ही तिथं शिकता तरी काय?" तिने एकदा विचारले.

"वेळ म्हणजे काय, ते."

"ते मला विचारायचं होतं. दूध उतू जातं ना, ती वेळ."

टोलकाकांनी हे वाक्य बाईंना सांगितले. बाईंनी ते फळ्यावर लिहिले आणि त्यावर सबंध तास चालला. पत्नीला हे कळल्यावर ती दिवसभर कोणाशी बोलली नाही, परंतु संध्याकाळी तिने विचारले की, फळ्यावर आपले नाव घातले होते का.

अशा रीतीने सारे सुरळीत बिघडलेले असताना विद्यापीठाचे पत्र आले. इतक्या थोड्या विद्यार्थ्यांसाठी इतके विषय कशाला, चार मुलांच्या वर्गाचा हा थाट चालू ठेवावा की मोडावा, हे पाहण्यासाठी तीन सदस्यांची समिती गुरुवारी सकाळी अकरा वाजता येणार होती. प्राचार्यांनी ठरविले की, अकराचा टोल होताच सारे महाविद्यालय सभागृहात जमावे व स्वतः त्यांनी फाटकावर उभे राहावे. सर्व तयारी टोलावर बेतलेली होती.

पत्र वाचून टोलकाकांनी काड्यापेटी काढली. समितीचे अकरा म्हणजे टेकडीचे दहा अठरा. पाहुणे दारात येतील तेव्हा प्राचार्य दाढी तरी उरकून बसले असतील का, याची त्यांना शंका होती. समितीने चारांचा नियम मोडला तर बाईंचा वर्ग गेला. आणि आज खरे सांगावे तर नियमराव नाव कापणार, तरीही वर्ग गेला. रात्रभर विचार करून त्यांनी एक तोड काढली. दिवसाचे तास सात. प्रत्येक तासातून सहा मिनिटे हळूच कमी करावीत. साता सक्कं बेचाळीस. बुधवारी संध्याकाळपर्यंत टेकडी गावाला गाठील.

बुधवारी पहिला तास चोपन्न मिनिटांत संपला. नियमरावांनी काटा पुढे केला. इतिहासाचे सर आनंदाने बाहेर आले. टोलकाकांना वाटले, जमले. परंतु त्या दिवशी दुसरा तास गणिताच्या मॅडमचा होता आणि त्यांनी चाचणी ठेवली होती. टोल पडला, वह्या गोळा झाल्या, आणि चष्मेवाली व्हरांड्यात येऊन खांबाला टेकून उभी राहिली. टोलकाकांनी विचारले, काय झाले.

"सातवं गणित येत होतं, काका. पाच-सहा मिनिटं मिळाली असती तर सुटलं असतं," ती म्हणाली. "माझाच हात हळू चालतो."

ती चूक आपल्याकडे घेऊन निघून गेली, आणि ते टोलकाकांना अधिक लागले. शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्या दिवशी पुढचे दोन तास त्यांनी सहासष्ट मिनिटांचे केले. त्यामुळे टेकडी पुन्हा बेचाळीसवर आली. मुलीचे गणित मात्र अर्धेच राहिले.

गुरुवारी बाईंच्या तासाला प्रत्येकाने आपला निबंध वाचावयाचा होता. विषय होता, 'मी वेळेचे काय केले'. टोलकाकांनी तो पहाटे उठून लिहिला होता, आणि तो वाचल्यानंतर जे व्हायचे ते होवो, असे त्यांनी ठरविले होते.

इकडे खऱ्या अकरा वाजता समितीची मोटार फाटकातून आत आली. फाटकावर कोणी नव्हते. समितीचे अध्यक्ष म्हणजे हातात काठी असलेले वृद्ध गृहस्थ, सोबत दोन मध्यमवयीन सदस्य. ते कार्यालयात गेले. नियमरावांनी उठून नमस्कार केला आणि सांगितले की, आपण लवकर आलात. अध्यक्षांनी आपले घड्याळ दाखविले. नियमरावांनी भिंतीवरचे दाखविले.

"दहा अठरा," नियमराव म्हणाले. "आमच्याकडे सगळी घड्याळं टोलावर लावतात. आपलं पुढं असेल. बसा आपण, अकराला सुरुवात होईल."

नियमरावांच्या आवाजात अशी काही निष्ठा होती की, अध्यक्षांनी नकळत आपले घड्याळ कानाशी नेले. मग ते तिघे बाकावर पाच मिनिटे बसले, कंटाळले, आणि इमारत पाहू म्हणून उठले. टोकाच्या खोलीतून कोणी सावकाश, अडखळत वाचीत असल्याचा आवाज येत होता. त्या महाविद्यालयात कोणाच्याही वर्गात कोणीही येऊन बसे, त्यामुळे तीन अनोळखी माणसे मागच्या बाकावर टेकली तेव्हा बाईंनी मान हलविली आणि चष्मेवालीचे वाचन चालू राहिले. तिचे संपल्यावर त्यांनी टोलकाकांना खूण केली.

टोलकाका उभे राहिले. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला.

"बाईंनी विचारले की, तुम्ही वेळेचे काय केले. मी वेळेचे सव्वीस वर्षे टोल दिले. मला वाटत होते की वेळ माझ्या हातात आहे, कारण मोगरी माझ्या हातात होती. या वर्गात बसल्यापासून माझा टोल चारदा चुकला, कारण येथे बसल्यावर मला उठवत नाही. आज या कॉलेजची बेचाळीस मिनिटे माझ्यापाशी आहेत. ती मी मुद्दाम घेतली नाहीत. काल परत द्यायला गेलो तर एका मुलीचे गणित राहिले. तेव्हा समजले की, टोल उशिरा दिला तर कोणी विचारत नाही, पण लवकर दिला तर कोणाचे तरी काहीतरी अर्धे राहते. हे मी हेडक्लार्कसाहेबांना सांगितले नाही, कारण त्यांनी माझे नाव कापले असते आणि हा वर्ग बंद झाला असता. वर्ग बाईंचा आहे, पण आता थोडा माझाही आहे. मी खोटे बोललो नाही, नुसता गप्प बसलो. गप्प बसणे खोट्यात धरायचे की नाही, ते बाईंनी सांगावे."

चष्मेवालीने चष्मा काढला आणि म्हणाली, "म्हणजे माझं सातवं गणित तुमच्याकडे आहे, काका." ती रागावली नव्हती.

मागच्या बाकावरून अध्यक्षांनी विचारले, "मग आत्ता वाजले किती?"

टोलकाकांनी मनगटाकडे पाहिले. "घड्याळात अकरा वीस झालेत, साहेब. कॉलेजात दहा अडतीस."

अध्यक्षांनी आपले घड्याळ पाहिले. त्यातही अकरा वीस होते. ते क्षणभर काठीवर हनुवटी ठेवून बसले. "आमची समिती अकराला यायची आहे," ते सावकाश म्हणाले. "तर आम्ही आलोय, की अजून यायचोय?"

कोण बसले आहे ते आता कोठे सर्वांच्या ध्यानात आले. टोलकाका मटकन खाली बसले. बाईंनी खडू खाली ठेवला. परंतु पणकराला माणसांपेक्षा मुद्दा मोठा वाटत असे.

"पण सर, कुणाच्या मते?" त्याने विचारले.

आणि अध्यक्षांनी काठी बाकाला टेकून ठेवली.

त्यानंतर त्या खोलीत जे बोलणे झाले ते येथे देणे शक्य नाही, कारण त्यातील अर्धे मोठमोठ्या शब्दांत होते आणि अर्धे सर्वजण एकदम बोलल्यामुळे कोणालाच ऐकू आले नाही. एवढे मात्र सर्वांना आठवते की, तो अबोल मुलगा वर्षात प्रथमच बोलला. तो म्हणाला की, काकांनी वेळ चोरलेली नाही, आपण सगळ्यांनी मोजायचे काम त्यांच्या एकट्यावर टाकले, हीच चूक आहे. एवढे बोलून तो पुन्हा गप्प झाला तो परीक्षेपर्यंत.

या सर्व गडबडीत तिसऱ्या तासाचा टोल कोणी दिलाच नाही. टोल नाही म्हणजे तास संपला नाही. त्यामुळे साऱ्या इमारतीत शिकवणे चालूच राहिले. इतिहासाच्या सरांचा इतिहास संपला आणि ते भविष्याकडे वळले. प्राचार्य कोट घालून फाटकावर उभे होते ते उभेच राहिले, कारण अकराचा टोल होईपर्यंत समिती आली असे नियमराव मानावयास तयार नव्हते. नियमराव थाळीसमोर येरझारा घालीत होते, परंतु मोगरी उचलण्याचा अधिकार आपणास आहे की नाही, हे पुस्तकात सापडत नव्हते. शेवटी जेवण निवून चालले म्हणून आचारी वर आला, तेव्हा शोधाशोध सुरू झाली आणि प्राचार्य व नियमराव त्या टोकाच्या खोलीच्या दारात येऊन थडकले.

टोलकाका उठून नियमरावांपुढे गेले आणि त्यांनी निबंधाचा कागद त्यांच्या हाती दिला. नियमरावांनी तो उभ्याउभ्याच वाचला, आणि अखेरच्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले. ज्या थाळीवर त्यांनी सव्वीस वर्षे विश्वास ठेवला होता, ती महिनाभर त्यांच्यासमोर खोटे वाजत होती. ते रागावतील असे सर्वांना वाटले. परंतु ते एखाद्या पोरक्या माणसासारखे दिसू लागले, आणि टोलकाकांना ते पाहवेना.

"मला एकदा वाजवू द्याल का?" अध्यक्षांनी विचारले. "आयुष्यभर टोल ऐकत आलोय. हात कधी लावला नाही."

सारे व्हरांड्यात आले. वृद्ध गृहस्थांनी दोन्ही हातांनी मोगरी धरून ठोके दिले. ते तासाचे होते की सुट्टीचे, हे कोणी सांगू शकले नसते. नियमराव सवयीने आत गेले व स्टुलावर चढले. तेथे त्यांचा हात काट्यावर थांबला. मग ते वरूनच, दाराकडे न पाहता म्हणाले, "काका, किती करू?"

"बारा अडतीस, साहेब," टोलकाकांनी मनगट पाहून सांगितले. "खरे."

बेचाळीस मिनिटे अशा रीतीने परत गेली. समिती जेवली आणि काहीही न बोलता निघून गेली.

पुढचा पंधरवडा जड गेला. नियमरावांनी टोलकाकांचे नाव कापण्याचा कागद लिहून ठेवला होता, परंतु अहवाल येईपर्यंत प्राचार्य त्यावर सही करीत ना. तोवर टोल स्वतः नियमराव देत. त्यांनी गावातून एक खिशातले घड्याळ आणले होते. रोज सकाळी ते रेडिओच्या वेळेवर लावून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवीत. त्यांचे टोल सेकंदाला बरोबर पडत. तरीही टोलकाका घरात बसून ते ऐकत आणि पत्नीला सांगत की, साहेबांचा हात जरा वर लागतो, कडेला मारले तर नाद राहतो.

अहवाल आला. त्यात लिहिले होते की, महाविद्यालयातील विशेष शैक्षणिक संधी समितीने प्रत्यक्ष पाहिल्या. कर्मचारी व विद्यार्थी एकाच बाकावर बसून शिकतात, आणि 'काळ' या विषयाचा प्रयोग एका विद्यार्थ्याने सबंध संस्थेवर, संस्थेस कळू न देता, महिनाभर करून त्याचा निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडला, असे अन्यत्र आढळत नाही. सबब चार विद्यार्थ्यांचा नियम चालू ठेवावा. प्राचार्यांनी हे सभागृहात अशा गंभीर मुद्रेने वाचून दाखविले की, हे सारे त्यांच्याच योजनेने घडले असावे असे नव्या मुलांना वाटले. नाव कापण्याचा कागद फाटला. टोलकाकांना मोगरी परत मिळाली, आणि वर्षअखेरीस ते 'काळ' या विषयात काठावर उत्तीर्ण झाले. गणिताच्या मॅडमनी चष्मेवालीला सातवे गणित पुन्हा सोडवावयास दिले. ते तिला चार मिनिटांत सुटले.

परंतु कीर्ती ही वस्तू फार वाईट आहे. नव्या वर्षी बाईंच्या वर्गासाठी एकतीस अर्ज आले. वर्गाला बारांची मर्यादा होती, आणि सतराव्या नियमाला एक दुसरी ओळ होती, जी कधी कोणाला वाचावी लागली नव्हती. कर्मचाऱ्यास प्रवेश, जागा शिल्लक असल्यास.

यादी घेऊन बाई पुन्हा व्हरांड्यातल्या स्टुलासमोर उभ्या राहिल्या. या वेळी कागदावर एकही ओळ कोरी नव्हती. त्यांना बोलणे जड जाऊ लागले, तेव्हा टोलकाकांनीच त्यांना सोडविले.

"बरं झालं, बाई," ते म्हणाले. "चाराच्या जागी बारा आले. आणखी काय पाहिजे?"

बाई गेल्यावर त्यांनी मोगरी फडक्याने पुसली. मग ती स्वच्छच आहे हे पाहून पुन्हा एकदा पुसली.

बारा मुलांना ती टोकाची खोली पुरेना. खोल्यांचे वाटप नियमरावांकडे असे. त्यांनी बाईंच्या वर्गाला व्हरांड्यालगतची मोठी खोली दिली, जिची खिडकी टोलाच्या स्टुलामागे हातभर अंतरावर उघडते. ती खोली गणिताच्या मॅडमची होती. त्या भांडावयास आल्या. नियमराव म्हणाले की, नियमाप्रमाणे आहे. कोणता नियम, हे मॅडमना पुस्तकात अद्याप सापडलेले नाही.

पहिल्या सोमवारी तिसऱ्या तासाला खिडकी उघडी होती. बाईंनी खडू उचलण्यापूर्वीच विचारले की, वेळ कोणी पाहिली आहे का. बारा मुलांपैकी कोणीही बोलेना. स्टुलावर बसलेल्या टोलकाकांना उत्तर ठाऊक होते, परंतु त्यांचे नाव पटावर नव्हते. म्हणून ते ओठ मिटून, मान किंचित खिडकीकडे कलती करून बसले. मग एक मुलगी काहीतरी बोलली, आणि ते चुकीचे आहे हे त्यांना कळले, आणि आता बाई काय म्हणतात ते ऐकण्यासाठी त्यांनी डोळे मिटले.

आत कार्यालयात काटा अकरावरून पुढे गेला. नियमरावांनी मान वर केली. त्यांनी ड्रॉवर उघडून आतले घड्याळ पाहिले, लेखणी खाली ठेवली आणि ते हातांची घडी घालून बसून राहिले. सहा मिनिटांनी टोल पडला.

नियमरावांनी ड्रॉवर हळूच लोटला, स्टूल ओढले, त्यावर चढून भिंतीवरचा काटा सहा मिनिटे मागे केला, आणि खाली उतरून ते पुन्हा पट लिहू लागले.